चाफ्याच्या नळीत काय असते?

फुलाचे भाग शिकवताना आपण जास्वंद किंवा धोतरा वर्गात नेतो. पण एखादी मुलगी देवळाच्या आवारात पडलेला पांढरा चाफा उचलून आणते आणि विचारते, ‘‘सर, यात पुंकेसर कुठे आहेत?’’ प्रश्न रास्त आहे. पाच पाकळ्या आहेत, मध्ये पिवळी छटा आहे, वास भरपूर आहे. आत डोकावले तर मात्र काहीच दिसत नाही.

झाड शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्याच्या नारायण पेठेत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी देवळापाशी किंवा फाटकाशेजारी एखादा चाफा टिकून असतो. झाडाखाली उभे राहून आधी पान पाहावे. पानाचे टोक निमुळते असेल तर तो प्लुमेरिया रुब्रा. तो मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. टोक गोलसर, पान गडद व चकचकीत असेल तर तो प्लुमेरिया ऑब्ट्युसा. ‘ऑब्ट्युसा’ म्हणजे बोथट. याचे मूळ घर प्रामुख्याने क्यूबा, जमैका, बहामा अशा बेटांवरची कोरडी किनारी जंगले. खडकाळ, पातळ मातीत वाढण्याची सवय असलेले हे झाड जाड फांद्यांत पाणी साठवते. भिंतीकडेच्या मूठभर मातीत ते तग धरते यात नवल नाही. वेस्ट इंडीजमध्ये हिंडलेल्या शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून या प्रजातीचे नाव पडले. लिनियसने दोन्ही जातींची नावे १७५३ मध्ये प्रसिद्ध केली.

आपण याला देवचाफा म्हणतो, खुरचाफाही म्हणतो. पण संस्कृत काव्यातला ‘चंपक’ तो हा नव्हे. तो सोनचाफा, मॅग्नोलियाच्या कुळातला. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला; पान तोडताच निघणारा चीक त्याची साक्ष देतो. भाषेच्या तासालाही हा फरक सांगायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्न. खाली पडलेले फूल घेऊ नये, कारण गळताना पाकळ्यांची नळी अख्खी निसटते आणि अंडाशय देठावरच राहतो. झाडावरचे फूल देठासह घ्यावे आणि शिक्षकांनी स्वतः ब्लेडने नळी उभी चिरावी. नळीच्या अगदी तळाशी पाच इवले पुंकेसर आतून चिकटलेले दिसतील आणि त्यांच्यामध्ये कुक्षी. भिंग हवेच. चिकाने कातडीची आग होऊ शकते, म्हणून नंतर हात धुवावेत. डोळ्यांना तर मुळीच लावू नयेत.

याच नळीत मधरस शोधून पाहावा. तो सापडत नाही! ‘कीटक मधासाठी येतात आणि जाताना पराग नेतात’ हे वाक्य इथे अडखळते. फिकट रंग, रात्री दरवळणारा वास आणि लांब नळी ही लक्षणे लांब सोंडेच्या हॉक मॉथ पतंगांना बोलावणाऱ्या मधाळ फुलांची आहेत. चाफा ती सगळी दाखवतो, पण मोबदला देत नाही. कोस्टा रिकातल्या जंगलात प्लुमेरिया रुब्रावर झालेला अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच आढळले, की पतंग फसतात, सोंड घालून पाहतात आणि पराग घेऊन निघून जातात.

फसवणुकीने झाडाचा फायदा काय? मध बनवण्याचा खर्च वाचतो, हा एक. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मध मिळाला असता तर पतंग एकाच झाडावर रेंगाळला असता. रिकाम्या हाताने तो लवकर दुसरीकडे जातो आणि परपरागणाची शक्यता वाढते. अर्थात फसलेले पाहुणे पुन्हापुन्हा येत नाहीत. म्हणून फुले ढीगभर आणि फळे मोजकी, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे त्या मोजक्या फळांचीही वाट कोणी पाहत नाही. फांदी तोडायची, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवायची (ओली लावली तर कुजते) आणि मातीत खोचायची. असे वाढलेले झाड मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असते. एका आळीतले पाच चाफे प्रत्यक्षात एकच झाड असू शकते, हे मुलांना सांगून पाहा.

बियांपासून आलेली रोपे मात्र वेगवेगळी निघू शकतात. तुमच्या आवारातल्या चाफ्याला कधी दोन शेंगांची जोडी धरलेली दिसली, तर तारीख नोंदवून ठेवा आणि ती वाळून उकलण्याआधी तिला पातळ कापड बांधा. आतल्या बियांना पंख असतात. वाऱ्यावर गेल्या तर हाती लागणार नाहीत.