एका चुलीवरचा नियम

वर्षाच्या अखेरीस व्यापारी आपल्या वखारीतील मालाची मोजदाद करतो. कोणता माल पडून राहिला, कशास कीड लागली, किती उधारीत अडकले, हे पाहिल्यावाचून तो नवा चोपडा उघडीत नाही. परंतु ज्या देहाच्या बळावर हा सारा व्यवहार चालतो, त्या देहात वर्षभर काय काय गेले याची मोजदाद करण्याची चाल आपल्यात नाही. या वार्षिक अंकाच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आले. हा लेख आम्ही पतिपत्नींनी मिळून लिहिला आहे, आणि त्यास कारण आहे. आहार सुधारण्याचा एकट्याने केलेला प्रयत्न आमच्या घरी फसला व दोघांनी मिळून केलेला टिकला. एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आम्ही बेळगावचे. धान्य व किराणा यांची पेढी तीन पिढ्यांची. मुलगा व सूनबाई नोकरीनिमित्त पुण्यास असल्याने घरात आम्ही दोघेच. पेढीवरचा दिवस कसा जातो हे वाचक बंधूंस सांगावयास नको. दुकान उघडताच चहा, अडत्या आला की चहा, मालाची गाडी लागली की चहा. चार वाजता फरसाणाचा पुडा, आणि कोणाच्या घरी शुभकार्य झाले की कुंद्याचा डबा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आमच्या आजोबांच्या काळी घरात बारमाही होता. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे राहू लागले तसा तो चातुर्मासापुरता उरला, आणि पुढे पर्युषणापुरता.

अशा स्थितीत आमच्यापैकी दुकानात बसणाऱ्याची रक्ततपासणी झाली. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ६.३ आला. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते व रक्तातील साखर त्यांतील रक्तद्रव्यास चिकटून राहते, म्हणून ही तपासणी एका दिवसाचे नव्हे तर तीन महिन्यांचे खाते दाखविते. हा आकडा ५.७ पासून ६.४ पर्यंत असल्यास मधुमेहाची पूर्वावस्था समजतात, ६.५ व त्यापुढे मधुमेह. आम्ही उंबरठ्यावर उभे होतो.

त्या वेळी घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. एकासाठी बिनतेलाची भाजी व भाकरी, दुसरीसाठी नेहमीचे जेवण. शिवाय पाहुण्यांसाठी तिसरेच. करणारीचे श्रम दुप्पट झाले आणि खाणाऱ्यास शेजारच्या ताटाचा वास सुटेना. पाच आठवड्यांत दिवाळी आली, चकल्या आल्या आणि नियम संपला. दोष कोणाचा, यावर घरात बोलाचालीही झाली. आता मागे वळून पाहता, दोष कोणा एकाचा नव्हता; योजनाच चुकीची होती.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आम्हां दोघांनाही बोलाविले आणि पथ्याचे जेवण करणारीचाही रक्तदाब मोजला. तो १४८ वर ९४ भरला. पुढील दिवसांत पुन्हा पुन्हा मोजूनही चढाच राहिला, व गोळी सुरू करावी लागली. इतकी वर्षे घरातील एकाच्या पथ्याची चिंता दोघेही करीत होतो. दुसरीची प्रकृती कोणीच पाहिली नव्हती, तिने स्वतःही नव्हे. हे आम्ही संकोच न बाळगता लिहितो, कारण पुष्कळ घरांत हीच गोष्ट असेल. कॅनडातील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली दाखविले की, जोडीदारास मधुमेह असल्यास दुसऱ्यास तो होण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी अधिक असतो. पतिपत्नींचे रक्त एक नसते, पण चूल एक असते.

त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारले, “घरात महिन्यास तेल किती लागते?” आमच्यापैकी जो रोज तेलाचे डबे विकतो त्यास उत्तर देता आले नाही, जी चूल सांभाळते तिने तत्काळ सांगितले, “चार लिटर.” घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. दोन माणसे व तीस दिवस धरता दर माणशी दररोज सुमारे ६० ग्रॅम तेल पडले, तूप निराळेच. चहाचे पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे केवळ चहातून सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसास दिवसाला ५० ग्रॅमची आहे, आणि २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक बरे असे ती म्हणते. कुंद्यास जागा कोठे उरली? मिठाची मर्यादा दिवसास पाच ग्रॅमहून कमी. आणि पापड, लोणचे, फरसाण ही तर मिठाचीच दुकाने.

चैत्रातील ओळी जवळ आली होती. आम्ही डॉक्टरांच्या संमतीने ठरविले की, नऊ दिवसांची आयंबिले दोघांनी मिळून करावयाची. शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत दिवसातून एकदाच, एका बैठकीस, उकळलेले पाणी व शिजविलेले धान्य-कडधान्य. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर व तळलेले पदार्थ या सहा विगयींचा त्याग. दिगंबर परंपरेत रसपरित्यागासाठी जे सहा रस मोजतात त्यांत मिठाचीही गणना आहे. श्रीपाळ आणि मयणासुंदरी यांची कथा ओळीच्या दिवसांत आपण सर्वच ऐकतो. त्या कथेतही व्रत एकट्याचे नाही, पतिपत्नींचे आहे, हे त्या चैत्रात आम्हांस प्रथमच नीट जाणवले.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. व्रत हे आत्मशुद्धीसाठी व कर्मनिर्जरेसाठी असते; त्यास औषध करणे आम्हांस मान्य नाही. तसेच उपवासाने किंवा एखाद्या रसाने शरीरातील विषे धुऊन निघतात असे जे अलीकडे सांगितले जाते, त्यातही अर्थ नाही. निरोगी माणसाच्या शरीरातील नको ते द्रव्य बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात. मग त्या नऊ दिवसांत धुऊन निघाले काय? आमची जीभ. पहिले तीन दिवस चहावाचून डोके दुखले. पाचव्या दिवशी ज्वारीच्या भाकरीस स्वतःचा गोडवा आहे असे वाटू लागले. पारण्यानंतर पूर्वीचा चहा तोंडास लावला, तेव्हा तो पाकासारखा लागला.

परंतु आयंबिल हा बारमाही आहार नव्हे. त्यात हिरवी भाजी, फळ व दूध नाही. म्हणून पारण्यानंतर आम्ही तीन महिन्यांसाठी घरचे नियम लिहून काढले व ते स्वयंपाकघराच्या दारावर लावले.

पहिला नियम असा की, जे घरात खावयाचे नाही ते दुकानातून घरी आणावयाचे नाही. डब्यात असलेला पदार्थ न खाण्यासाठी रोज निग्रह लागतो; डब्यात नसलेल्यासाठी तो एकदाच लागतो.

दुसरा नियम अख्ख्या धान्याचा. धान्याच्या दाण्यास कोंडा, अंकुर व पिठूळ गाभा असे तीन भाग असतात. तंतू, जीवनसत्त्वे व खनिजे बहुतांशी पहिल्या दोहोंत असतात आणि पांढरेशुभ्र करण्याच्या हव्यासात तेच निघून जातात. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांनी १८९० च्या सुमारास पाहिले की, पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंडा दिल्यास त्या बऱ्या होतात. बेरीबेरी रोगाचे रहस्य त्यातून उलगडत गेले व १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आम्ही ज्वारी, नाचणी व हातसडीचा तांदूळ घरात आणला. मैदा व रवा बंद केला. मूग, चवळी, हरभरे अख्खे. दुधी, दोडका, पडवळ. चातुर्मास लागेपर्यंत पालेभाजी. दररोज एक फळ. तथापि भाकरी चांगली म्हणून चार खाव्यात असे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे की, दिवसाच्या ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक वाटा धान्यांचा नसावा.

तिसरा नियम, चहा दोन वेळा, साखर अर्धा चमचा. गूळ घातला तर चालते, हा गैरसमज आम्ही गूळ विकणारेच दूर करू इच्छितो. रक्तास गूळ व साखर यांतील भेद फारसा कळत नाही.

चौथा नियम, महिन्यास दोन लिटर तेल. पहिल्या तारखेस ते निराळ्या बरणीत काढावयाचे व संपले तर पुढच्या पहिल्या तारखेची वाट पाहावयाची.

पाचवा नियम आजोबांचाच, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा. दुकान तर लवकर बंद करता येत नाही. म्हणून संध्याकाळी साडेपाचास दोघांचा डबा पेढीवर येऊ लागला. मागच्या खोलीत पोत्यांशेजारी बसून आम्ही एकत्र जेवतो. रात्री उशिरा खाल्लेले अन्न रक्तातील साखर अधिक चढविते, हे आता शास्त्रही सांगते. पण खरे सांगावयाचे तर, तीस वर्षांच्या संसारात संध्याकाळचे जेवण आम्ही दोघांनी एका वेळी घेतल्याचे दिवस मोजकेच होते. हा लाभ कोणत्याही तपासणीत उतरत नाही.

नियम मोडलेच नाहीत असे नाही. वैशाखात चार लग्ने झाली. त्या वेळी आम्ही ठरविले की, पंक्तीत जे घडले ते घडले, पुढचे जेवण नियमाचे. एका व्यवहारात खोट आली म्हणून कोणी दुकानास टाळे लावीत नाही.

तीन महिन्यांनी ६.३ चा आकडा ५.९ वर आला. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण दाब आता मर्यादेत राहतो. ही एका घराची हकीकत. प्रत्येक घरी हेच घडेल असा दावा आम्ही करीत नाही. काही इशारे मात्र अवश्य द्यावेसे वाटतात. जे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण कमी करू नये वा उपवास धरू नये. साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतते. मूत्रपिंडाचे रोगी, गर्भवती व वृद्ध यांनीही तसेच वागावे. दूध-दही कायमचे सोडू नये. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही व आपल्या शाकाहारी समाजात त्याची उणीव वारंवार आढळते. मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने ती वाढू शकते, म्हणून त्याची तपासणी करून घ्यावी.

देशभरातील पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. हे संकट दूरचे राहिलेले नाही. म्हणून आमच्या व्यापारी बंधुभगिनींस विनंती एवढीच की, आश्विनातील ओळीपूर्वी पतिपत्नींनी बरोबर जाऊन दोघांचीही तपासणी करून घ्यावी, घरातील तेल, साखर व मीठ यांचा एक महिन्याचा हिशेब मांडावा, आणि जो नियम धरावयाचा तो दोघांनी मिळून धरावा. भागीदारीच्या धंद्यात एकानेच भांडवल घालून चालत नाही. संसारातही तसेच आहे.