क्लोनिसची गाठ

आयरिश क्रोशा थोडाफार केलेल्या कुणापुढेही क्लोनिस हे नाव घ्या, समोरचीचा उजवा हात हवेत पुढेमागे फिरायला लागतो. क्लोनिस हे आयर्लंडच्या मोनाहन परगण्यातलं, उत्तर आयर्लंडच्या सीमेला खेटून असलेलं छोटं गाव. तिथल्या गाठीने मला गेली कित्येक वर्षं वेड लावलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, तितक्यांनीच देश सोडला. क्लोनिसच्या धर्मगुरूंची पत्नी कॅसान्ड्रा हँड १८४७ साली या गावात आली. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिने किल्डेअर परगण्यातल्या थॉर्नटनहून क्रोशा शिकवणारी एक बाई बोलावून घेतली.

बस, केलं ते एवढंच! शिधा वाटणारे इतरही होते आणि त्याची गरजही होती. पण मला मोठी वाटते ती ही शिक्षिकेची सोय. तेव्हा श्रीमंतांना व्हेनिसची उठावदार लेस हवी असायची. सुईने ती करायला महिनोन्‌महिने जात. क्रोशाने तसाच उठाव पुष्कळ कमी वेळात साधायचा, आणि लागायचं काय, तर एक आकडी सुई आणि दोरा. ना चौकट, ना उशी. चुलीशेजारी बसून, पोराला मांडीवर घेऊन होणारं काम.

आता माझी लाडकी गाठ. थोड्या साखळ्या घालायच्या. सुईवर दोरा घेऊन सुई साखळीखालून पलीकडे न्यायची, पुन्हा दोरा घेऊन अलीकडे आणायची. दहा-बारा वेढे झाले की सुईवरच्या सगळ्या वेढ्यांतून दोरा एका ओढीत बाहेर काढायचा आणि मुक्या खांबाने गाठ जागेवर बसवायची. जाळीत असा टपोरा मणी उमटतो! गुलाब, द्राक्षं, तिपानी शॅमरॉक हे नमुने जाड दोऱ्याच्या गाभ्यावर सुटे करायचे, कापडावर उलटे टाचायचे आणि मधली जागा या गाठींच्या जाळीने भरायची. एकेका घराचा नमुना ठरलेला असे, आणि तो बाहेर जाऊ नये म्हणून घरची माणसं जपत.

हे वाचलं तेव्हा मला माझी आत्याच दिसली. रुखवतातल्या तिच्या रुमालाची वेल तिने सख्ख्या जावेलाही दिली नाही. उलट आमच्या वाड्यातल्या काकू. दुपारची निजानीज झाली की पायरीवर बसून त्यांनी मला खांब आणि मुका खांब शिकवला, माझं वेडंवाकडं विणकाम न हसता उसवून दिलं आणि जाताना स्वतःची सुई माझ्या हातात ठेवली. "राहू दे गं तुझ्याकडे, माझ्याकडे दुसरी आहे." दुसरी नव्हती, हे मला पुढे आईकडून कळलं. आज मी जे काही विणते ते त्या सुईपासूनचं आहे.

मुलीकडे डब्लिनला गेले तेव्हा हट्टाने क्लोनिस गाठलं. जुन्या कालव्याच्या गोदामात तिथली लेस मांडलेली होती. काचेला नाक लावून मी गाठी मोजत बसले, तेव्हा तिथल्या एका वयस्क बाईंनी काही न विचारता पिशवीतून सुई काढली आणि माझी ओढ सुधारून दिली. लेसच्या उत्पन्नातून इथे मुलींची शाळा बांधली गेली. ती इमारत आज कॅसान्ड्रा हँडच्या नावाने ओळखली जाते. थॉर्नटनहून आलेल्या त्या बाईच्या नावाचीही एक पाटी तिथे असावी, असं मला मनापासून वाटतं. काम तर तिनेच शिकवलं.

पुढे यंत्राची लेस आली, मागणी आटली आणि गाठ मोजक्या म्हाताऱ्या हातांत उरली. मॉयरा ट्रेनर यांनी ती तिथल्या जुन्या कारागीर बायकांकडून शिकून घेतली, इतरांना शिकवली, आणि २००२ साली क्लोनिस लेसवर पुस्तक लिहिलं. आमच्या शनिवारच्या क्रोशा मंडळात मी ही गाठ शिकवते. फी नाही. जिला जमेल तिने महिन्याभरात आणखी एकीला शिकवायची, एवढी अट आहे. नवशिक्यांनी जाड दोऱ्यावर सुरुवात करावी, वेढे नीट दिसतात.