भाकरीची गोडी आणि ज्वारीचें विष

विद्यार्थ्यांनो, ज्वारीच्या भाकरीचा घांस न गिळतां कांहीं वेळ चावीत राहा. तो हळूहळू गोड लागूं लागेल. पिठांतील स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांब सांखळी. आपल्या लाळेंतील अमायलेझ नांवाचें विकर तिच्या कड्या तोडतें, आणि प्रत्येक तोडीस पाण्याचा एक रेणु खर्ची पडतो; त्याचा एक भाग तुटलेल्या एका टोकास, उरलेला दुसऱ्या टोकास चिकटतो. विकर मात्र जसेंच्या तसें राहून पुढील कडीकडे वळतें.

अशा विकरांचें कूळ फार मोठें आहे. त्यांतील एक आपल्या परभणी जिल्ह्याच्या रानांत, ज्वारीच्याच पानांत राहतें. कोवळ्या ज्वारींत धुरिन नांवाचें संयुग असतें. डन्स्टन व हेन्री ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं 1902 सालीं तें मिसर देशांतील ज्वारींत शोधून काढलें. ज्वारीच्या अरबी नांवावरून त्यास हें नांव मिळालें. त्यांत साखरेच्या रेणूशीं विषाचें बीज बांधलेलें असतें. धुरिन पानाच्या वरच्या कातडीच्या पेशींत, आणि तें तोडणारें विकर आंतल्या गराच्या पेशींत. म्हणून उभ्या पिकांत दोघांची गांठ पडत नाहीं. जनावरानें पान चावलें कीं मधल्या भिंती फुटतात. पाण्याच्या साह्यानें साखर सुटी होते, आणि उरलेल्या भागांतून हायड्रोसायनिक आम्ल हें जहाल विष बाहेर पडतें. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत हें काम अधिकच झपाट्यानें चालतें, कारण तेथील सूक्ष्म जंतूंपाशींहि अशीं विकरें असतात. विषामुळें शरीराच्या पेशींना प्राणवायु वापरतां येत नाहीं. रक्त लालभडक, प्राणवायूनें भरलेलें. आणि जनावर धापा टाकीत कोसळतें!

आमच्या वर्गांतील एका मुलाच्या घरची दुभती गाय, पावसानें ओढ दिल्यामुळें खुरटलेल्या ज्वारींत शिरली व सायंकाळच्या आंत गेली. घरच्यांनीं करणीचा संशय घेऊन शेजाऱ्यांशीं अबोला धरिला. धुरिनाचा पाठ झाला त्या दिवशीं तो मुलगा घरीं जाऊन काय बोलला तें मला ठाऊक नाहीं. पुढील पोळ्याला मात्र दोन्ही घरचे बैल बरोबर निघाले.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : गुडघ्याइतकी कोवळी ज्वारी, पाण्यावांचून खुरटलेली ज्वारी, आणि कापणीनंतर बुडख्यांस फुटलेले हिरवे कोंब, ह्यांत धुरिन विशेष असतें. तेथें गुरें सोडूं नयेत, उपाशी गुरें तर नाहींच. पक्व ज्वारीच्या नीट वाळलेल्या कडब्याचें हें भय नाहीं. गुरूं धापा टाकूं लागल्यास अंगारा शोधीत न बसतां तत्काळ पशुवैद्यास बोलवावें. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट टोंचून जनावर वांचवितां येतें, पण हातीं वेळ थोडा असतो, कित्येकदां कांहीं मिनिटांचाच. भाकरीची चिंता नको, पिकल्या दाण्यांत धुरिन जवळजवळ नसतें. दाण्यास मोड आले कीं मात्र कोंबांत तें पुनः तयार होऊं लागतें.