थंडी आली, बर्फ आला नाही

जानेवारी २०२४च्या मध्यावर गुलमर्गची छायाचित्रं देशभर पोहोचली. समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर ऐन हिवाळ्यात नुसतं वाळकं गवत दिसत होतं. बर्फ बघायला निघालेल्या पर्यटकांचा हिरमोड झाला. त्यांत आपल्याकडचेही पुष्कळ होते. हॉटेलांची बुकिंग रद्द झाली, घोडेवाले आणि स्लेज ओढणारे दिवसभर रिकामे बसून राहिले. बातम्या इथवर आल्या आणि थांबल्या. पण डोंगरातल्या माणसाचा वैताग सहल फसलेल्या पर्यटकाच्या वैतागाहून फार वेगळा होता. त्याच्याकडे दुष्काळ पडला होता आणि त्याला दुष्काळ म्हणायला कुणी तयार नव्हतं.

हवामान खात्याची नोंद बोलकी आहे. त्या जानेवारीत वायव्य भारतात सरासरी ३.१ मिलिमीटर पाऊस झाला. १९०१पासूनचा हा दुसऱ्या क्रमांकाचा नीचांक. हिमाचल प्रदेशात महिन्याची तूट ९२ टक्क्यांवर गेली. काश्मीरमध्ये डिसेंबरही कोरडाच गेला होता. मशिदींमधून पावसासाठी विशेष नमाज पढले गेले. महिन्याच्या अगदी शेवटी बर्फ पडला आणि फेब्रुवारीत गुलमर्गला हिवाळी क्रीडा स्पर्धाही झाल्या. तेवढ्यावर सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढच्या वर्षी मात्र तेच पुन्हा घडलं. २०२५च्या फेब्रुवारीत त्याच स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये उरकाव्या लागल्या.

उशिरा का होईना, बर्फ पडला ना, मग तक्रार कसली, असं मैदानात राहणाऱ्याला वाटतं. इथेच सगळी गफलत आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलां, त्यानंतरचे वीस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत हवा इतकी गार असते की पडलेला बर्फ थरावर थर बसून घट्ट होतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पडलेला बर्फ मऊ असतो. चार दिवस ऊन पडलं की वाहून जातो. सुगीच्या वेळी भरलेल्या कणगीवर घर वर्षभर जेवतं, तसा डोंगर या पौष-माघातल्या बर्फावर भाद्रपदापर्यंत पाणी पितो. त्यामुळे किती बर्फ पडला याच्या बरोबरीने तो केव्हा पडला, हेही बघावं लागतं. महिन्याची सरासरी अखेरच्या तीन दिवसांत भरून निघाली तरी हुकलेले चाळीस दिवस भरून निघत नाहीत.

हा बर्फ येतो कुठून? आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, हिमालयाचा हिवाळी पाऊस पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली वातावरणाच्या वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाला धडकतात. डोंगर चढताना त्यांतली हवा गार होते आणि बाष्प बर्फ होऊन खाली येतं. यांनाच पश्चिमी झंझावात म्हणतात. महाराष्ट्राला ते परके नाहीत. असा झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात, निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. हिवाळ्यात दर महिन्याला असे चार ते सहा झंझावात येणं अपेक्षित असतं. पण नुसतं येऊन भागत नाही. त्यांत जोर लागतो, बाष्प लागतं आणि त्यांची वाट पुरेशी दक्षिणेकडून जावी लागते. २०२३-२४च्या डिसेंबर-जानेवारीत नेमका याच गोष्टींचा तुटवडा होता. डोंगरावर आकाश निरभ्र आणि ऊन लख्ख, तर खाली पंजाब ते बिहार दाट धुक्याची चादर. कित्येक दिवस दिल्लीपेक्षा श्रीनगरची दुपार उबदार होती.

त्या वर्षी एल निनोकडे बोट दाखवलं गेलं. ते मला पुरेसं वाटत नाही. वायव्य भारतात एल निनोच्या हिवाळ्यांत पाऊस-बर्फ उलट सरासरीपेक्षा जास्त पडण्याकडे कल असतो, असं आधीचे अभ्यास सांगतात. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट दुसरी आहे. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी सत्तर वर्षांची आकडेवारी तपासली. जोरदार पश्चिमी झंझावात आता उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाढले आहेत. गेल्या वीस वर्षांत जूनमधलं त्यांचं प्रमाण आधीच्या पन्नास वर्षांच्या दुप्पट झालं आहे, असा त्यांचा निष्कर्ष. झंझावातांना वाहून आणणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा उत्तरेकडे सरकण्याचा काळ लांबतो आहे. जुलै २०२३मध्ये असाच एक झंझावात आणि मान्सून हिमाचलवर एकत्र आले, बियास कोपली, मनालीचे रस्ते वाहून गेले. त्याच हिमाचलने सहा महिन्यांनी कोरडा जानेवारी पाहिला. पाणी नको तेव्हा कोसळतं आणि हवं तेव्हा पाठ फिरवतं. ज्याची जमीन पावसाळ्यात खरवडून गेली, त्यालाच हिवाळ्यात आकाशाकडे बघत बसावं लागलं.

आता बागवानाकडे या. शिमल्याजवळच्या कोटगढला शंभर वर्षांपूर्वी सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने सफरचंदाच्या सुधारित जाती आणल्या. पुढे तो सत्यानंद स्टोक्स झाला आणि डोंगर सफरचंदावर जगायला शिकला. सफरचंदाचं झाड हिवाळ्यात झोपतं. सुमारे सात अंशांखालच्या थंडीचे ठरावीक तास पूर्ण झाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. डेलिशियस गटातल्या जुन्या जातींना असे हजार-बाराशे तास लागतात. कोरड्या हिवाळ्यात रात्री कडाक्याच्या पण दुपारी उबदार, त्यामुळे हे तास मागे पडतात. मग वसंतात फुलोरा एकदम येत नाही, तुकड्यातुकड्याने येतो, आणि फळधारणा घटते. शिवाय जानेवारी-फेब्रुवारी हा आळी खणण्याचा, शेणखत घालण्याचा, नवी रोपं लावण्याचा काळ. माती दगडासारखी असेल तर आळं खणायचं कसं आणि रोप जगवायचं कशावर? खालच्या गरम टापूंसाठी कमी थंडीवर फळणाऱ्या जाती निघाल्या आहेत. बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ त्यांतली नावाजलेली. पण तीस वर्षांची उभी बाग उपटून नवी जात लावायची तर मधली वर्षं घर चालवायचं कसं, याचं उत्तर जातीत नसतं.

गव्हाचं दुखणं त्याहून सरळ. हिमाचलमधली बहुतेक शेती पावसावर आहे. रब्बीचा गहू पेरला आणि डिसेंबर कोरडा गेला की तो हातभर होण्याआधीच पिवळा पडतो.

सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत खोल मार बसतो तो झऱ्यांना. बर्फ सावकाश वितळतो, म्हणून पाणी डोंगराच्या पोटात मुरतं. कोसळणारा पाऊस उतारावरून धावत निघून जातो. उत्तराखंडमधले नौले आणि धारे, काश्मीरमधले नाग या मुरलेल्या पाण्यावर चालतात. अनंतनाग जिल्ह्यातल्या अचबलचा झरा हा मुघल बागेचा प्राण आणि आसपासच्या गावांचं पिण्याचं पाणी. फेब्रुवारी २०२५मध्ये तो आटला. नीती आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार हिमालयातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटले आहेत किंवा हंगामी झाले आहेत. त्यात रस्त्यांसाठी फोडलेल्या डोंगरांचा, तोडलेल्या जंगलांचा वाटा आहेच. कोरडे हिवाळे त्यावर शेवटचा घाव घालतात. वाळक्या जंगलात उत्तराखंडमध्ये ऐन हिवाळ्यात वणवेही लागू लागले आहेत.

हे सगळं डोंगरापुरतं राहत नाही. काठमांडूची इसिमोड ही संस्था हिंदुकुश-हिमालयातला बर्फ किती दिवस टिकतो हे दरवर्षी मोजते. २०२४च्या हिवाळ्यात हा टिकाव सरासरीपेक्षा १८.५ टक्के कमी होता, २०२५मध्ये २३.६ टक्के कमी. तेव्हाचा तो २३ वर्षांतला नीचांक. या प्रदेशातल्या बारा मोठ्या नद्यांच्या वार्षिक पाण्यात वितळलेल्या बर्फाचा वाटा सरासरी २३ टक्के आहे. गंगेच्या आणि सिंधूच्या काठी उन्हाळ्यात जे पीक उभं राहतं, त्याचा हिशेब जानेवारीत वर लागलेला असतो.

लडाखमध्ये चेवांग नॉरफेल यांनी कृत्रिम हिमनद्या केल्या, सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारले. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ही युक्ती हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गोठवून वसंतातल्या पेरणीपर्यंत राखून ठेवते. ओढ्यातच पाणी नसेल तर गोठवायचं काय? असे प्रयोग हवेतच, पण त्यांची छायाचित्रं दाखवून सरकारांनी आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकू नये.

आणि जबाबदारी टाळणं फार सोपं झालं आहे. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत खरिपासाठी ऑक्टोबरअखेर आणि रब्बीसाठी मार्चअखेर निर्णयाचं वेळापत्रक आहे. पावसाची तूट, पेरणी, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतला ओलावा, धरणसाठा, भूजल यांवर तिचे निकष उभे आहेत. डोंगरावर किती बर्फ साठला आणि तो किती दिवस टिकला, याला तिथे जागा नाही. बागवानाचं नुकसान होतं जानेवारीत, दिसतं एप्रिलच्या फुलोऱ्यात आणि पैशांत उतरतं ऑगस्टच्या बाजारात. तोवर फाइल बंद झालेली असते. पैसेवारी पन्नासच्या खाली आली की नाही, यावर गावाचं वर्ष कसं ठरतं, हे मराठवाड्यातल्या आणि माणदेशातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. निकषात न बसणारा दुष्काळ भोगणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून मागणी साधी आहे आणि ती आपणही लावून धरली पाहिजे. उंचावरची बर्फमापन केंद्रं वाढवा, चिल्लई कलांच्या चाळीस दिवसांतली बर्फाची तूट हा दुष्काळाचा स्वतंत्र निकष करा, आणि बागवानाला मदतीसाठी ऑगस्टपर्यंत थांबायला लावू नका.