शाळेपायी घर

मुलगी चौथीत गेली की घरात एक बोलणे सुरू होते. पुढे हिला कुठे टाकायचे? पहिले काही दिवस ते शाळांच्या नावांवर फिरते. मग नकळत जागेवर येते. मोताळ्यात एखादा प्लॉट, मलकापुरात जुन्या वस्तीतल्या दोन खोल्या, नाहीतर घाट चढून बुलढाण्यात छोटेसे घर. दोन एकर विकू, थोडे कर्ज काढू, आई मुलांना घेऊन तिकडे राहील, बाप शेती बघेल. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडात हे बोलणे नवे नाही आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात नाही.

रोहिणखेड घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. इथली देखणी मशीद 1582 सालची, खुदावंद खान महदवीने बांधलेली. गावाच्या शिवाराने 1437 आणि 1590 अशा दोन मोठ्या लढाया पाहिल्या, कारण खानदेशाकडून पठारावर चढणाऱ्यांना हे गाव वाटेतच लागे. जिल्ह्याचे ठिकाण आज वर पठारावर आहे आणि मलकापूरचे रेल्वे स्टेशन खाली सपाटीला. त्यामुळे इथल्या आईबापांना वर की खाली, असे दोन्हीकडे बघावे लागते.

शाळेसाठी घर घेणे ही गोष्ट जगभर चालते. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात स्थिरावलेली मराठी कुटुंबे घर शोधताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट विचारतात. अमेरिकेत पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते. रस्त्याच्या अलीकडचे घर एका शाळेत आणि पलीकडचे दुसऱ्या, असेही होते. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच मालमत्ता करातून येतो, म्हणून महाग वस्तीची शाळा श्रीमंत राहते. ही विषमता घटनाबाह्य नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समधल्या घरांच्या किमती तपासून 1999 मध्ये दाखवले की शाळेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. तिथे घर विकत घेणे म्हणजे काही अंशी शाळाच विकत घेणे असते.

आपल्याकडे तसे नाही आणि रोहिणखेडच्या पालकाने पहिल्यांदा हेच ध्यानात घ्यायला हवे. मोताळ्याचे मूल बुलढाण्याच्या शाळेत जाऊ शकते, गावचे मूल शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊ शकते. पत्ता आडवा येत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मूल सहा ते चौदा वर्षांचे असेल तर त्याला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क त्यातल्या पाचव्या कलमाने दिला आहे. जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला, म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी देणगी घेणे किंवा मुलाची चाचणी घेऊन त्याला नाकारणे हे तेराव्या कलमाने बंद केले आहे. ही कलमे पाठ असलेला पालक शाळेच्या कार्यालयात वेगळ्या आवाजात बोलतो.

मग पत्ता खरोखर कुठे मोजला जातो? एकाच ठिकाणी. याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांमध्ये दुर्बल आणि वंचित मुलांसाठी राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांसाठी. तिथे शाळेपासून घराचे अंतर बघतात. जवळ राहणाऱ्या मुलांना आधी संधी मिळते. अर्ज ऑनलाइन भरायचा, घराची जागा नकाशावर दाखवायची, पुढे सोडत निघते. दुर्बल घटकांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाची अट आहे, वंचित गटांतल्या मुलांना ती नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जागांतून मोकळे केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. त्यामुळे या जागा आजही आहेत.

आणि या जागेसाठी स्वतःचे घर लागत नाही. नोंदणी केलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. म्हणजे जिथे शाळेसाठी पत्ता लागतो, तिथे तो भाड्यानेही मिळतो. केवळ या प्रवेशापायी शेत विकणारे कुटुंब गरज नसलेली वस्तू विकत घेते. शिवाय ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत गेल्यावर त्याच शाळेची पूर्ण फी पालकाच्या अंगावर येते. घराचा हप्ता आणि नववीची फी एकाच वर्षी सुरू झाली, तर सोयाबीनचा भाव कितीही चढला तरी पुरत नाही.

हप्त्याचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. दहा लाखांचे कर्ज, वीस वर्षे, व्याज नऊ टक्के धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे 9,000 रुपये. वीस वर्षांत बँकेला जातात 21 लाख 60 हजारांच्या आसपास. मुलगी पाचवीत असताना कर्ज घेतले आणि ती दहावीत पोचली, तोवर पाच वर्षांत सुमारे 5 लाख 40 हजार भरून झालेले असतात. तरीही बँकेचे 8 लाख 87 हजार शिल्लक राहतात, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जिरतात. मुलीची शाळा संपत येते आणि कर्ज नुकतेच हलायला लागलेले असते. कापूस वर्षातून एकदा घरी येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. नोकरदार माणसाला ही अडचण सहज कळत नाही, शेतकऱ्याला ती झोपू देत नाही.

दुसऱ्या पारड्यात एसटी आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून प्रवासाचा पास मोफत मिळतो आणि इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत असते. पैशाच्या दृष्टीने बस घरापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तिची खरी किंमत वेळेत आणि काळजीत मोजावी लागते. फेरी चुकली, पावसात घाट अडला, मुलगी अंधार पडल्यावर घरी आली, तर आईचा जीव टांगणीला लागतो. म्हणून वेळापत्रक स्टँडवर वाचून भागत नाही. आठवडाभर त्याच बसने जाऊन बघावे लागते. बस वेळेवर येत असेल, तर आठवीपर्यंत घर घेण्याचा विषय बाजूला ठेवता येतो.

घाईने शहर गाठणाऱ्यांना आणखी एक फटका बसू शकतो. बुलढाणा जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शेगावला आहे. सहावीपासून तिथे राहणे, जेवणे, शिकणे मोफत आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. पण ग्रामीण जागेवर बसायचे, तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. या वर्गांत मूल एक दिवस जरी शहरी शाळेत शिकले, तरी ते शहरी धरले जाते. मोताळ्याला आता नगरपंचायत आहे, बुलढाणा आणि मलकापूर तर नगरपालिकांची गावे. चौथीत असताना मुलाला तिथल्या शाळेत नेले, की नवोदयची ग्रामीण वाट बंद होते. पाचवी गावातच पूर्ण केली, तर ती उघडी राहते.

गावच्या शाळेत थांबणे म्हणजे मागे पडणे, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीची शाळा ज्यांच्या हातून नावारूपाला आली, ते दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला आले. मोजकी मुले उरलेली ती जिल्हा परिषद शाळा भरली आणि 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत तिने लोकांच्या मतदानाने ठरणारा पुरस्कार मिळवला.

या उदाहरणांत आशा आहे तशी सावधगिरीही. शाळा शिक्षकामुळे उभी राहते आणि शिक्षकाची बदली होते. आज ज्या शाळेच्या नावाने प्लॉट विकला जातो, तिथले गणिताचे सर चार वर्षांनी दुसऱ्या तालुक्यात असतील. प्लॉट मात्र तिथेच राहणार. म्हणून प्लॉटची जाहिरात 'शाळेपासून पाच मिनिटांवर' म्हणत असली, तरी त्या पाच मिनिटांचे पैसे मोजताना हात आखडावा.

शाळा पारखायला मोठी यादी लागत नाही. प्रथम ही संस्था 2005 पासून 'असर'च्या पाहणीत खेड्यातल्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा आणि साधी वजाबाकी-भागाकार ठेवते. पालकालाही हे करता येते. ज्या शाळेकडे डोळा आहे, तिथल्या पाचवीच्या दोन-तीन मुलांशी त्यांच्या घरी बसून बोलावे, दुसरीच्या पुस्तकातले एक पान वाचायला द्यावे. मूल अडखळत नसेल, तर इमारतीचा रंग उडालेला असला तरी चालतो. अडखळत असेल, तर इंग्रजी पाटीचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट शिक्षकसंख्या. पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत पस्तीसमागे एक शिक्षक, हे कायद्याचे प्रमाण आहे. हजेरीपट आणि शिक्षकांची नावे विचारायला संकोच करू नये. मुलींसाठी वापरता येईल असे, पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का, हे आईने स्वतः जाऊन बघावे. मुली सातवी-आठवीत गळतात, त्यामागे असे स्वच्छतागृह नसणे हेही एक कारण असते.

एवढे करूनही काही घरांना शहरात जागा घ्यावीच लागते. धाकटी भावंडे रांगेत असतात, कुणाला तिथे रोजगार असतो, कुणाच्या म्हाताऱ्या माणसांना दवाखाना जवळ हवा असतो. ही कारणे शाळेइतकीच खरी आहेत आणि अशी दोन-तीन कारणे एकत्र आली, की घर घेणे शहाणपणाचे ठरते. मग घर निवडताना नजर आठवी ते बारावीवर असावी. प्राथमिक शाळा कुठेही मिळते. विज्ञानाचे कनिष्ठ महाविद्यालय, वाचनालय आणि बसस्थानक पायी अंतरावर असतील, ते घर दोन-तीन मुलांना पुरते.

कागदांत कसूर नको. स्वस्त प्लॉट हा बहुधा गुंठ्यांनी तुकडे पाडलेल्या शेतजमिनीचा असतो. शहराच्या हद्दीबाहेर तिथे 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. मंजूर लेआउट नसेल, तर बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी अडते आणि पुढे विकतानाही गिऱ्हाईक मिळत नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून बघून घ्यावा. नगरपालिकेची कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर महारेराचा नंबर मागावा. आणि घर बाईच्या नावावर घ्यावे. महाराष्ट्रात 2021 पासून महिलेच्या नावाने राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बारा लाखांच्या घरावर हे बारा हजार रुपये होतात. मुलांना घेऊन त्या घरात तीच राहणार असते, तेव्हा कागदावरही तिचेच नाव असणे न्यायाचे.

ज्यांचे मन अजून द्विधा आहे, त्यांनी वर्षभर भाड्याने राहून बघावे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पण 25 टक्क्यांच्या जागांचे अर्ज त्याच्या कित्येक महिने आधी सुरू होतात आणि भाडेकरार त्यापूर्वी नोंदवलेला लागतो. तेव्हा येत्या वर्षी पहिलीत मूल घालायचे असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत खोली बघा, अकरा महिन्यांचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि शेत विकण्याचे बोलणे पुढच्या दिवाळीपर्यंत थांबवा.