सरकारी पैशाचीं घरें आणि बांधणाऱ्यांची मजुरी

सरकार जेव्हां गरिबांसाठीं घरें बांधतें, तेव्हां एक चमत्कारिक पेंच उभा राहतो. घर स्वस्त व्हावें ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या हातांनीं तें उभें राहतें त्या हातांची मजुरी कापून तें स्वस्त झालें, तर एका गरिबाचें छप्पर दुसऱ्या गरिबाच्या पोटावर उभारल्यासारखें होतें. सरकारी काम सामान्यतः सर्वांत कमी रकमेच्या निविदेला मिळतें. विटा, सिमेंट आणि लोखंड यांच्या भावांत कंत्राटदारांना फारशी घासाघीस करतां येत नाहीं. करण्याजोगी जागा उरते ती माणसाच्या मजुरींत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा पेंच सोडविण्याचा प्रयत्न जवळजवळ शंभर वर्षें चालू आहे. १९२७ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथें माजी सैनिकांसाठीं सरकारी रुग्णालय बांधावयाचें होतें. काम मिळालें अलाबामा संस्थानांतील एका कंत्राटदाराला, आणि त्यानें आपले मजूर दक्षिणेकडूनच आणले. स्थानिक कारागीर हात चोळीत बसले. त्या भागाचे प्रतिनिधि रॉबर्ट बेकन यांनीं तेव्हां एक विधेयक मांडलें. पुढें पेनसिल्व्हेनियाचे सीनेटर जेम्स डेव्हिस त्यांना मिळाले, आणि ३ मार्च १९३१ रोजीं राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या सहीनें 'डेव्हिस-बेकन' कायदा झाला. बाहेरून आणलेल्या ह्या मजुरांत कृष्णवर्णीय लोक होते, आणि कायदेमंडळांतील चर्चेंत त्यांच्याविषयीं हीनतेचे उद्गारही निघाले. कायद्याचे टीकाकार अजून ह्याची आठवण देतात. ती आठवण खोटी नाहीं. मात्र कायद्याचें पुढील आयुष्य तेवढ्यावरून मापतां येणार नाहीं.

ह्या कायद्यांतील कल्पना किमान वेतनाची नव्हे. आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें ज्या धंद्यांना संरक्षण दिलें, त्यांत इमारतीचें बांधकामही होतें. पण किमान वेतन म्हणजे ज्याच्या खालीं कोणी जाऊं नये अशी पायरी. अमेरिकेंतील कायदा म्हणतो कीं, त्या भागांत त्या धंद्याला जो दर प्रचलित असेल तो सरकारी कामावरही मिळाला पाहिजे. सुताराला सुताराचा, गवंड्याला गवंड्याचा, बिगाऱ्याला बिगाऱ्याचा. १९३५ पासून हे दर निविदा मागविण्यापूर्वींच ठरवून जाहीर होऊं लागले, आणि दोन हजार डॉलरांवरील कामांना कायदा लागू झाला. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यानें सरकारी मदतीनें बांधल्या जाणाऱ्या घरांनाही तेंच बंधन घातलें.

येथवर सर्व कागदावर झालें. खरी अडचण कागद आणि मजुराचा हात ह्यांच्यामधील अंतरांत आहे. मंदीच्या त्या दिवसांत एक युक्ति सर्रास चाले: पगार पुरा द्यावयाचा, सही घ्यावयाची, आणि मग त्यांतील हिस्सा गुपचूप परत मागावयाचा. नकार देणाऱ्याच्या जागीं उभे राहावयास दुसरे तयारच असत. म्हणून १९३४ मध्यें सीनेटर कोपलंड यांच्या नांवाचा कायदा झाला. त्यानें अशी परतफेड गुन्हा ठरविली आणि कंत्राटदारानें दर आठवड्याला वेतनाचा हिशेब सरकारला द्यावा असें ठरविलें.

हा साप्ताहिक हिशेब हाच साऱ्या देखरेखीचा कणा आहे. त्यांत प्रत्येक मजुराचें काम, रोजचे तास, दर, कपात आणि हातीं पडलेली रक्कम लिहावी लागते, आणि हें सर्व खरें आहे अशी सही करावी लागते. खोटी सही म्हणजे फौजदारी गुन्हा. पोटकंत्राटदारांचे हिशेबही मुख्य कंत्राटदारामार्फतच येतात, आणि त्यांनीं मजुरी बुडविली तर जबाबदारी त्याच्यावर येते. 'तो माणूस माझा नव्हता' हें उत्तर चालत नाहीं.

तरीही हिशेब खोटा असूं शकतो, आणि तो खोटा करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे माणसाचें नांव खरें ठेवून त्याचें काम बदलणें. समजा, सुताराचा दर तासाला ३० डॉलर आणि बिगाऱ्याचा २०. सुताराला बिगारी म्हणून दाखविलें, तर चाळीस तासांच्या आठवड्यांत त्याचे ४०० डॉलर बुडाले. आणि कागदावर एकही अक्षर बेकायदा दिसत नाहीं. शिकाऊ कामगाराला कमी दर देतां येतो, पण तो मान्यताप्राप्त शिक्षणक्रमांत नोंदलेला असला तरच. पुष्कळदां केवळ तरुण आहे म्हणून त्याला शिकाऊ ठरविलें जातें. कोठें तास कमी लिहितात, कोठें मजुरालाच 'स्वतंत्र कंत्राटदार' बनवितात. लांकडी सांगाडा उभा राहत असतांना पत्रकांत बिगारीच बिगारी आणि सुतार एकच दिसला, तर चाणाक्ष तपासनीस तेथेंच थांबतो.

मग त्याला कामाच्या जागीं जावें लागतें. तेथें ठरलेल्या दरांचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावलेला असावा लागतो. तपासनीस मजुरांना मुकादमाच्या आड, एकेकट्याला गांठून विचारतो: तुम्ही काय काम करतां? कोणतीं हत्यारें वापरतां? काल किती तास केलेत? पगार किती मिळाला? प्रश्न साधे असतात, पण ज्याच्या हातांत रंधा आहे आणि कागदावर जो बिगारी आहे, त्याचा उलगडा ह्याच प्रश्नांनीं होतो. ही जबानी गुप्त ठेवतात. परदेशांतून आलेला, भाषा न जाणणारा मजूर तरीही बोलावयास भितो, आणि देखरेखीची सर्वांत दुबळी बाजू तीच आहे.

दुसरी पळवाट खुद्द नियमांतच आहे. मध्यवर्ती सरकारच्या 'होम' ह्या योजनेंत बारा किंवा अधिक घरांना मदत असेल तरच हे दर लागू होतात. म्हणून अकरा घरांवर थांबण्याचा मोह सुटत नाहीं. एकच प्रकल्प मुद्दाम अनेक कंत्राटांत तोडण्यास मात्र मनाई आहे. आणि १९८६ पासूनची करसवलतीची जी मोठी योजना आहे, तिच्या आधारें कमी भाड्याचीं घरें मोठ्या संख्येनें बांधलीं जातात. पण केवळ त्या सवलतीमुळें डेव्हिस-बेकन कायदा लागू होत नाहीं. मजुरी वाढली कीं घरांची संख्या घटते, हा बांधणाऱ्या संस्थांचा आक्षेप आहे. तो अगदींच पोकळ नाहीं. पण त्याचें उत्तर अधिक निधि हें असूं शकतें, सुताराच्या खिशांतले ४०० डॉलर हें नव्हे.

मजुरी बुडविल्याचें सिद्ध झालें, तर सरकार कंत्राटदाराच्या देयकांतून ती रक्कम अडवून ठेवतें व मजुरांना देववितें. गंभीर प्रसंगीं त्याला तीन वर्षें सरकारी कामांतून वगळतां येतें. परंतु बांधकामाचा मजूर एका जागीं राहत नाहीं. चौकशी पुरी होईपर्यंत इमारतींत भाडेकरू राहावयास आलेले असतात, आणि ज्यानें तिचे दरवाजे बसविले तो दुसऱ्याच गांवीं गेलेला असतो. अशांच्या नांवानें वसूल झालेला पैसा गृहनिर्माण खात्याजवळ निराळ्या ठेवींत राहतो, आणि खात्याचे कारकून जुन्या पत्त्यांवरून त्यांचा शोध घेत असतात.