सेविकाताईंच्या हाताशी काय असतं?

अंगणवाडीत शिरल्यावर एखादं मूल चिंचोके मोजताना दिसलं, तर तो वेळकाढूपणा समजू नका. लहान-मोठे वेगळे करणं, पाच-पाचाचे ढीग लावणं, चिमटीत धरून वाटीत टाकणं. यातून गणित आणि पेन्सिल धरायची तयारी एकदमच होते. अशा खेळांची आखणी सेविकाताईंना रोज आयत्या वेळी सुचावी, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून लेखी आराखडा लागतो.

केंद्र सरकारने 2024 मध्ये 3 ते 6 वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. त्यात 48 आठवड्यांचं नियोजन आहे. त्यातले पहिले चार आठवडे फक्त रुळण्यासाठी. रडणारं मूल दाराशी आईचा पदर सोडेपर्यंतचा काळ कागदावर धरला गेला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. सोबतीला ‘पोषण भी पढाई भी’ हे प्रशिक्षण: पर्यवेक्षिका आधी शिकतात, मग त्या सेविकांना शिकवतात.

महाराष्ट्राला अशा खेळातून शिकण्याचं नवल वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणासाठी पानं, शंख-शिंपले, बिया हीच साधनं मानली. ‘अंगणवाडी’ हा शब्दही त्याच कामातून रुजला.

आता अडचण वेळेची. आहार, वजनं, मोबाईलवरच्या नोंदी सांभाळून शिकवायला उरतं किती? आराखड्याची पुस्तिका कपाटात राहते ती याचमुळे. तेव्हा पालकहो, घरी आलेल्या मुलाला ‘आज काय लिहिलंस?’ असं विचारू नका, ‘काय खेळलास?’ विचारा, आणि घरातले चिंचोके अंगणवाडीत नेऊन द्या.